पक्षी, भिंत आणि जकातनाका

१९२६च्या ऑक्टोबरात ‘पॅरिस’ नावाची बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. बोटीत कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराची शिल्पं होती आणि त्यांच्या राखणीला कलावंत मार्सेल द्युशाँ आला होता. पेट्या उघडल्यावर जकातवाल्यांच्या हाती एक उंच, निमुळता, आरशासारखा लखलखता ब्राँझचा आकार लागला. कागदोपत्री नाव ‘अवकाशातला पक्षी’. चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. कलाकृतींना अमेरिकेत जकात माफ होती, पण हा ऐवज त्या रकान्यात घालायला कुणाचा हात धजेना. शेवटी तो ‘स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं सामान’ या सदरात गेला आणि त्यावर ४० टक्के जकात बसली.

प्रकरण कोर्टात गेलं. हाताशी १९१६चा एक निवाडा होता. शिल्प म्हणजे निसर्गातल्या गोष्टींची, मुख्यतः माणसाची, प्रमाणशीर नक्कल, असं तो सांगत होता. त्या मापानं पक्षी नापासच. मग साक्षी झाल्या. पक्ष्याचा मालक छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन. त्याला न्यायमूर्तींनी विचारलं, रानात ही वस्तू दिसली असती तर गोळी घातली असतीत का? तो नाही म्हणाला. शिल्पकार जेकब एपस्टाइननं एक पुरातन इजिप्शियन दगडी ससाणाच पुरावा म्हणून दाखवला. सरकारी बाजूच्या शिल्पकारांनी छातीठोकपणे सांगितलं, की हे शिल्पच नव्हे. एखादा कसबी मिस्त्री धातूचा तुकडा घासून असंच काही करून देईल की, या शंकेवर उत्तर आलं, की तो घासून देईल, त्याला सुचणार मात्र नाही. नोव्हेंबर १९२८मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूनं लागला. नव्या पद्धतीची कला निघाली आहे, ती आम्हाला रुचो न रुचो, तिची दखल घ्यायला हवी. वस्तू देखणी आहे, तिचा काही उपयोग नाही आणि ती धंदेवाईक शिल्पकारानं स्वतः घडवली आहे, असा निकालाचा एकूण सूर.

या एका खटल्यात किती व्याख्या हजर झाल्या ते पाहावं. नक्कल. करणाऱ्याची कल्पना. हाताचं काम. सौंदर्य. निरुपयोगीपणा. जाणकारांचा कौल. तत्त्वज्ञांनी दोन-अडीच हजार वर्षं ज्या पोथ्या लिहिल्या त्या सगळ्या जकातीच्या टेबलावर उघडल्या गेल्या. कला म्हणजे काय, हा प्रश्न माणसाला फुरसतीत पडत असेल असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कुणीतरी पावती फाडायला बसलं, कुणी बंदी घालायला निघालं किंवा कुणाला बक्षीस द्यायचं असलं की तो पडतो. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना उत्तराच्या आधी विचारणाऱ्याकडे पाहावं, आणि तो कोणत्या नाक्यावर उभा आहे तेही पाहावं.

आधी शब्द. मराठीत ‘कला’ फार ठिकाणी फिरून आलेली आहे. चंद्राची कला म्हणजे त्याचा सोळावा अंश. तीच चेहऱ्यावर आली की कळा, आणि घरावर वाईट दिवस आले की अवकळा. ‘तो मोठा कलाकार आहे’ असं विशिष्ट सुरात म्हटलं की ऐकणारा आपला खिसा चाचपतो. कामसूत्रातल्या ६४ कलांत गाणं, नाचणं, चित्र काढणं आहे. त्याच पंगतीला पोपट-मैनेला बोलायला शिकवणं, कोंबड्या-मेंढ्यांच्या झुंजी लावणं आणि अंथरूण नीट घालणंही आहे. ग्रीकांचा ‘तेख्ने’ हा शब्दही असाच, त्यात चांभार आणि मूर्तिकार एकाच ओसरीवर बसत. चित्र, शिल्प, संगीत, काव्य आणि नृत्य यांना बाकीच्या कसबांपासून वेगळं काढून एका छपराखाली आणलं ते अठराव्या शतकातल्या युरोपनं. शार्ल बात्यो या फ्रेंच लेखकाचं १७४६चं पुस्तक हा त्यातला मोठा टप्पा. पॉल ऑस्कर क्रिस्टेलरनं १९५१-५२मध्ये लिहिलेल्या लेखांतून हे छप्पर किती अलीकडचं आहे ते उलगडून दाखवलं, तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांची चांगलीच पंचाईत झाली असणार. अनादि समजून ज्याचा शोध चालला होता, त्याचं वय निघालं दोनशे वर्षं.

आपल्याकडे हे छप्पर आगबोटीतून आलं. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली. तिथं पुढे काही वर्षं शिकवणाऱ्या लॉकवूड किपलिंगनं केलेली उठावशिल्पं क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर आजही आहेत. त्यांच्याखालून रोज हजारो माणसं फळांच्या पिशव्या घेऊन जातात, मान वर करणारा विरळा. त्यांना कलादालनात हलवा, तीच माणसं तिकीट काढतील.

गोव्यात ‘कलावंत’ हा शब्द एके काळी गुणाचा नव्हता, जन्माचा होता. देवळाच्या सेवेला बांधलेल्या, गाण्यानाचण्यावर जगणाऱ्या घराण्यांना तो चिकटलेला होता आणि त्यात मान कमी, टोमणा जास्त. त्याच समाजातून मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर आल्या. गळा तोच, राग तेच, पण दोन पिढ्यांत त्या शब्दाचा अर्थ उलटा झाला. कलेला अर्थ कुठून येतो असं विचारणाऱ्यानं ध्वनिशास्त्राआधी हा इतिहास वाचावा.

केसरबाईंवरून एक प्रसंग हाताशी घेतो, कारण पुढचे सिद्धांत त्यावर घासून पाहता येतील. ५ सप्टेंबर १९७७ला व्हॉयेजर-१ हे यान निघालं. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, तिच्यात जगभरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत आणि त्यातला एक केसरबाईंची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत बाई कमालीच्या हात राखून असत. यान निघाल्यावर अकरा दिवसांनी त्या गेल्या. २०१२मध्ये यान सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. आज तिथं ती भैरवी आहे, ऐकणारं कुणी नाही. मग तिथं कला आहे की नाही?

भरताच्या नाट्यशास्त्राच्या परंपरेला विचारलं तर उत्तर सोपं नाही, कारण रस नेमका कुठे असतो यावरच तिथं शतकानुशतकं वाद चालला. भट्ट लोल्लट म्हणाला, मूळ पात्रात, रामात. नटात तो आपल्याला भासतो. शंकुक म्हणाला, प्रेक्षक तो अनुमानानं ओळखतो. त्यानं दिलेला चित्रातल्या घोड्याचा दाखला मला आजही या विषयावरचं सगळ्यात नेमकं निरीक्षण वाटतं. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. तो खरा आहे असं समजत नाही, खोटा आहे असंही नाही, शंकाही घेत नाही आणि ‘घोड्यासारखा’ असंही म्हणत नाही. या चारांपैकी काहीच नसलेली एक जाणीव असते. न्यूयॉर्कच्या कोर्टात कुणी शंकुक वाचला असता तर निम्म्या साक्षी वाचल्या असत्या. पुढे भट्टनायकानं साधारणीकरणाची कल्पना आणली. सीतेचा शोक हा अमक्या स्त्रीचा शोक न राहता कुणाचाही नसलेला, म्हणून सगळ्यांचा शोक होतो. आणि हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरात अभिनवगुप्तानं रस आणून ठेवला तो सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, आस्वादात. चर्वणा हा त्याचा शब्द. विडा चघळावा तशी. ही चव कशानं बिघडते याचीही त्यानं सात विघ्नं मोजली आहेत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं हे त्यातलं एक. नाट्यगृहात शेजाऱ्याचा मोबाइल वाजणं त्या यादीत नाही, पण बसवता येईल.

अभिनवगुप्ताच्या हिशेबानं व्हॉयेजरवर रस शून्य. तिथं फक्त खोबणी आहेत. सहृदय भेटला तर रस, नाही तर धातू. मला हे उत्तर मान्य आहे. अडचण वेगळी आहे. सहृदय कसा तयार होतो, त्याला काव्य वाचायला, नाटक पाहायला कोण बसू देतं आणि कोणाला दारातच अडवलं जातं, हे या थोर परंपरेनं विचारलं नाही. सभागृहात बसलेला माणूस तिनं गृहीत धरला.

युरोपात जवळपास उलट्या टोकाला टॉलस्टॉय उभा आहे. पंधरा वर्षं डोकं खाजवून त्यानं १८९७-९८मध्ये ‘कला म्हणजे काय?’ प्रसिद्ध केलं. करणाऱ्याला जे वाटलं त्याची लागण घेणाऱ्याला झाली तर कला. लागण जितकी सगळ्यांना, शेतकऱ्यालासुद्धा, तितकी ती मोठी. या मापानं वाग्नर बाद, बेथोव्हनची नववी सिंफनी बाद आणि स्वतःच्या दोन कथा सोडल्या तर त्याचं स्वतःचं लेखनही बाद. त्यात ‘वॉर अँड पीस’सुद्धा आलं. साने गुरुजींनी या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला. त्यांनीच तो करणं किती स्वाभाविक होतं! टॉलस्टॉयचा प्रामाणिकपणा थक्क करतो, पण ज्या तागडीत असा लेखक स्वतःच हलका ठरतो ती तागडी एकदा तपासून घ्यावी, असं मला वाटतं. शिवाय लागण ही गोष्ट घोषणेचीही होते, अफवेचीही.

मराठीत या भांडणाचा अवतार म्हणजे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी गाजलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद. त्यावर जितकी शाई सांडली तितकं त्यात काही नव्हतं असं माझं मत आहे. दोघांचाही वाचक एकच होता, दोघांच्या कादंबऱ्या एकाच कपाटात, एकाच शिवणीत बांधल्या जात.

खरा प्रश्न बा. सी. मर्ढेकरांनी विचारला. १९३७ साली इंग्रजीतलं ‘आर्ट्स अँड मॅन’ आणि १९५५चं ‘सौंदर्य आणि साहित्य’ या दोन टोकांच्या मध्ये त्यांनी जे उभारलं ते मराठीत तोवर नव्हतं. कलाकृती म्हणजे माध्यमातल्या संवेदनांची लयबद्ध रचना. संवाद, विरोध आणि समतोल हे त्या लयीचे तीन प्रकार. स्वराशेजारी स्वर, रंगाशेजारी रंग कसा ठेवला यात सगळं आलं. त्यातून कसली गोष्ट कळते, कोणता उपदेश मिळतो हे गौण. इंग्लंडात क्लाइव्ह बेलनं १९१४मध्ये रूपाचा असाच झेंडा रोवला होता, पण मर्ढेकरांनी उधारीवर भागवलं नाही, स्वतःची वीट भाजली. या दृष्टीनं व्हॉयेजरवरची भैरवी शाबूत आहे. कोमल रिषभाचं षड्जाशी असलेलं नातं सूर्यमालेबाहेरही तेच राहील. ख्याल ऐकताना मला मर्ढेकर पटतात. बंदिशीतले शब्द निम्मे गिळलेले असतात, तराण्यात तर शब्दांना अर्थच नसतो, तरी आपण गुंतत जातो ते कशात?

अडलं ते साहित्याशी. शब्दाला नुसता नाद नसतो, अर्थ असतो, आणि अर्थाबरोबर सगळं जग आत घुसतं. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा आणून दार लावायचा प्रयत्न केला. पण त्यांची स्वतःचीच कविता त्या दाराला जुमानत नाही. पिंपातले मेलेले उंदीर, गिरण्या, लोकलगाड्या, महायुद्धानंतरची पिचलेली मुंबई, हे सगळं वजा करून उरणारी लय म्हणजे मर्ढेकर नव्हेत. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले, पण खटला भरणाऱ्यांना काही संवेदनांची लय खटकली नव्हती. सिद्धांतापेक्षा मोठा कवी असणं ही तक्रारीची बाब नाही, मात्र सिद्धांताबद्दल ती बरंच सांगते.

रूपवादाला दुसरी ठेच बनावट चित्रांची लागते. हान व्हान मेगेरन या डच चित्रकारानं १९३७च्या सुमाराला एक ‘व्हर्मीर’ रंगवलं आणि अब्राहम ब्रेडियससारख्या नामांकित जाणकारानं ते व्हर्मीरचं सर्वोत्तम काम म्हणून डोक्यावर घेतलं. १९४५मध्ये राष्ट्रीय ठेवा नाझी नेता गोअरिंगला विकल्याच्या आरोपाखाली पकडल्यावर मेगेरननं कबूल केलं, की माल आपलाच. कबुलीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कापडावरचा रंग तोच होता. रंगारंगांमधली नातीही तीच. बदलली ती फक्त कथा.

रा. भा. पाटणकरांच्या १९७४च्या ‘सौंदर्यमीमांसे’चं महत्त्व मला इथं वाटतं. एका बाजूला कला ही रोजच्या जगण्यापासून तुटलेली, स्वतःच्याच नियमांनी चालणारी गोष्ट आहे असं मानणारे अलौकिकतावादी. दुसरीकडे तिला जगण्याच्याच मापानं मोजणारे लौकिकतावादी. पाटणकरांनी कुणा एकाच्या गळ्यात माळ घातली नाही. कलेच्या संकल्पनेलाच दोन ध्रुव आहेत, एक मोडला तर दुसराही लंगडा होतो, अशी त्यांची मांडणी. ग्रंथ जाडजूड आहे, वाचताना दम लागतो, पण कांटपासून सुरू झालेली ही चढण मराठीतून इतकी शिस्तीत कुणी चढून दाखवलेली नाही.

त्याच सुमाराला सहृदयाचं आसन दुसऱ्या बाजूनं हललं. १९६३मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. या कवितांतले कामाठीपुऱ्याचे कितीतरी शब्द प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांना कवीकडून समजून घ्यावे लागले. म्हणजे इथं कवितेनं सहृदयाकडे जायचं नव्हतं, सहृदयानं चपला घालून वस्तीत यायचं होतं. पुढे शरणकुमार लिंबाळेंनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिताना आनंद हा निकषच नाकारला. ज्या लेखनातून वेदना आणि नकार येतो, ते वाचून रसिकाला आनंद झाला पाहिजे ही अपेक्षा कुठली? समता, स्वातंत्र्य, न्याय या मूल्यांनी ते तोला. निकष बदलण्याची ही मागणी मला टॉलस्टॉयच्या मागणीपेक्षा जास्त सबळ वाटते. टॉलस्टॉय शेतकऱ्याच्या वतीनं बोलत होता, इथं माणूस स्वतःबद्दल बोलत होता. तरीही ‘गोलपिठा’ पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो केवळ मूल्यांमुळे नाही. ढसाळांच्या ओळीचा जो धक्का आहे त्याला लयीशिवाय दुसरं नाव नाही. पाटणकरांचे दोन ध्रुव पुन्हा समोर येतात.

ब्रांकुशीच्या पेट्या सांभाळत आलेला द्युशाँ स्वतः ही सगळी भानगड नऊ वर्षं आधीच करून बसला होता. १९१७ साली न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनाला त्यानं ‘आर. मट’ अशी सही केलेली चिनीमातीची मुतारी पाठवली. सहा डॉलर भरणाऱ्या कुणाचंही काम लावू, असं जाहीर केलेल्या मंडळींनी ती लावली नाही. मूळ वस्तू हरवली. आज संग्रहालयांत आहेत त्या १९६४च्या प्रतिकृती. त्याच वर्षी अँडी वॉरहॉलची ‘ब्रिलो’ खोकी पाहून तत्त्वज्ञ आर्थर डान्टोला प्रश्न पडला: दुकानातलं साबणाचं खोकं आणि दालनातलं खोकं दिसायला सारखंच, मग फरक कशात? तो डोळ्याला दिसत नाही, असं त्याचं उत्तर. भोवतीचा विचार, इतिहास, कलाजगत त्या खोक्याला कलाकृती करतं. मॉरिस वाइट्सनं १९५६मध्ये आधीच सांगून टाकलं होतं, की कलेची बंदिस्त व्याख्या होणारच नाही. एकाच घरातल्या माणसांचे चेहरे जुळतात तशी कलाकृतींची साम्यं एकमेकींत मिसळलेली असतात. भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं २०२४मध्ये ६२ लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्यानं ते खाल्लं, ही त्याच गोष्टीची शेवटची, जरा कंटाळवाणी आवृत्ती. कलाजगत ज्याला कला म्हणेल ती कला, हे उत्तर चुकीचं नाही. पण ते जकातवाल्याचं उत्तर आहे. शिक्का कुठे मारायचा ते त्यातून कळतं, माणूस त्या वस्तूपाशी का थांबतो ते कळत नाही.

१९८८मध्ये न्यूयॉर्कच्याच एका प्रदर्शनात सुझन व्होगेलनं आफ्रिकेतल्या झांदे लोकांचं शिकारीचं जाळं, घट्ट गुंडाळून, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत नुसतं ठेवून दिलं. लोकांना वाटलं, नवं शिल्प. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड गेल याच्यावर लिहिताना म्हणतो त्याचा आशय असा: सापळा ही साधी वस्तू नाही, त्यात शिकाऱ्याचा मेंदू आणि सावजाची सवय दोन्ही विणलेली असतात, मग तिला कलाकृती म्हणायला कशाची हरकत?

जाळ्यावरून मला जिव्या सोमा मशे आठवतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या या वारली चित्रकाराच्या सगळ्यात ओळखीच्या चित्रांपैकी एक म्हणजे मासेमारीचं जाळं. कागदभर पसरलेली हजारो बारीक पांढऱ्या रेघांची वीण. ते पाहताना डोळा स्वतःच मासा होतो. पण त्या चित्राच्या मागे एक भिंत आहे, ती आधी पाहायला हवी.

वारल्यांच्या लग्नात चौक काढतात. शेणानं सारवून गेरू लावलेली घराच्या आतली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. काढणाऱ्या सवाशिणी. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीची चौकट. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे धुरानं, ओलीनं तो पुसट होतो, भिंत पुन्हा सारवली जाते. तो जपून ठेवावा असं कुणाला वाटत नाही, जसं सकाळच्या रांगोळीबद्दल माझ्या आजीला वाटत नसे. कुणी वाखाणली की ती म्हणे, ‘रोजची तर आहे.’ ‘कला’ हा शब्द मी तिच्या तोंडून रांगोळीसाठी कधी ऐकला नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार, हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, या पाड्यांत पोचले. कागद आला, पांढरा रंग आला. मशे लग्नापुरतं नाही, रोज काढत होते, आणि देवीचा चौक नाही, तर शेत, वारूळ, जाळं, आजूबाजूला चाललेलं सगळं. पुरुषानं, एकट्यानं, मनात येईल ते काढणं हा मोठा बदल होता. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडोर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनं त्यांचं प्रदर्शन झालं, २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. आज वारल्यांच्या तारपा नाचाचं वेटोळं चहाच्या कपांवर, साड्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर आहे.

या प्रवासावर हळहळायची आपल्याकडे पद्धत आहे. मला हळहळावंसं वाटत नाही. मशे मोठे चित्रकार होते आणि त्यांना कागद मिळाला हे बरंच झालं. पण एक गोष्ट लख्ख दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेला माणूस चौकात आहे, मशेंच्या कागदावर आहे आणि कपावरही आहे. रूपवाद्याला तिन्ही ठिकाणी एकच आकार दिसेल. कलाजगताला मधलाच दिसेल, कारण त्यावर सही आणि किंमत आहे. आणि पीठ कालवून बसलेल्या सवाशिणीला विचारलं तर पहिल्याच ठिकाणी काहीतरी घडलं; बाकी दोन ठिकाणी देवी नाही, धवलेरी नाही, लग्नही नाही. नेल्सन गुडमननं सुचवलं होतं, की कला म्हणजे काय असं विचारू नका, ती केव्हा असते ते विचारा. त्यात मी ‘कुणासाठी’ एवढंच जोडीन.

निरुपयोगीपणाचा निकष इथं पुरता कोसळतो. कांटनं १७९०मध्ये सौंदर्याच्या आनंदाला हेतूपासून, हव्यासापासून वेगळं काढलं, आणि तीनच वर्षांनी पॅरिसचं लूव्र संग्रहालय सर्वांना खुलं झालं. हा योगायोग असेलही, पण संग्रहालयात हात न लावता पाहणं आणि कांटचा निर्हेतुक आनंद ही एकमेकांच्या मापाची भांडी आहेत. पेणच्या गणपतींच्या मूर्तिशाळेत ते माप चालत नाही. तिथं डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे असते, कारण नजर चुकली तर सगळी मूर्ती वाया. आणि इतकं जपून काढलेले डोळे दीड, पाच किंवा दहा दिवसांनी पाण्यात जाणार हे आखणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

कायद्याला यातलं काहीच नको असतं, त्यामुळे तो कधी कधी सगळ्यात शहाणा वाटतो. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र यांना कलाकृती म्हणताना स्पष्ट करतो, की त्यात कलागुण असो वा नसो. म्हणून उदबत्तीच्या पुड्यावरचं लेबलही नोंदणीच्या वहीत कलाकृती ठरतं. उलट पुराणवस्तूंच्या १९७२च्या कायद्याखाली नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर न्यायला मनाई झाली. त्या नवांत राजा रविवर्मा आहे, ज्याच्या, १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या, छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देवघरांत पोचल्या. आनंद कुमारस्वामींसारख्यांनी त्याच्या चित्रांना नाकं मुरडली होती. घराघरांतल्या बायकांनी त्यांना कुंकू लावलं. सरकारनं शेवटी त्यांना सीमेवर अडवलं.

यंत्राचा प्रश्न आता उठला आहे, त्यावर फार लिहीत नाही. २०१८मध्ये संगणकी कृतिसूत्रातून निघालेलं एक व्यक्तिचित्र लिलावात ४,३२,५०० डॉलरला गेलं, तेव्हापासून ‘हे केलं कुणी?’ या प्रश्नाला पुन्हा धार आली. ब्रांकुशीच्या खटल्यात मिस्त्रीला घासता येईल, सुचणार नाही, असं उत्तर होतं. आता घासणारा आणि सुचणारा यांची अदलाबदल झाली आहे, किंवा झाल्यासारखी वाटते आहे. शंकुकाचा घोडा मात्र तिथंच उभा आहे. पाहणारा त्याला ‘घोडा’ म्हणतो की नाही, एवढंच तो विचारतो.

त्या पक्ष्याच्या भावंडांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. ब्रांकुशीनं तो आकार वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घडवला. १९३३मध्ये इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी त्यातला एक ब्राँझचा पक्षी विकत घेतला, मग एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा सांगून करवला. मनात होतं ध्यानमंदिर: इंदूरला एक छोटी वास्तू, आत हे तीन पक्षी, शांत पाणी आणि वरून येणारा उजेड. जकातवाल्यानं ज्याला भांडं ठरवलं ते इथं जवळपास देव होणार होतं. १९३८च्या जानेवारीत ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन राहिला. मंदिर काही झालं नाही, तो परत गेला. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं घेतले, ते आता कॅनबेराला आहेत. होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकारानं बांधलेला माणिकबाग राजवाडा इंदूरला अजून उभा आहे. त्यात पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याची कचेरी आली.